ओंजळीचा शॉट

"डोळ्यांत कृतज्ञता आण," इनामदार म्हणाला.

मी विहिरीपासून वीस-पंचवीस पावलांवर मातीत उकिडवा बसलो होतो. अंगात फाटकं कुडतं. ते माझं नव्हतं. ओंजळ तोंडाशी धरलेली. समोर गावच्या पाटलांची म्हातारी आई तांब्या घेऊन उभी होती आणि वरून माझ्या ओंजळीत धार सोडत होती. अर्धं पाणी ओंजळीत, अर्धं कोपरावरून मांडीवर. ही तालमीची तिसरी वेळ. फिल्म महाग, म्हणून आधी नुसत्या तालमी चालल्या होत्या. पाणी मात्र दर वेळी खरं होतं.

"अरे, तुला पाणी मिळतंय! गावच्या विहिरीचं पाणी! कळतंय का तुला?"

मला कळत होतं. सकाळी कोल्हापुरात वसतिगृहाच्या नळाला तोंड लावून मी पोटभर पाणी प्यालो होतो. नळानं कृतज्ञता मागितली नव्हती.

"तोंड जरा वर कर. ओठ उघडे. हां. आता बघ आजीकडे. देवीकडे बघावं तसं."

मी बघितलं. म्हातारीचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तांब्याचा काठ माझ्या हाताला लागत नाही ना, एवढंच ती बघत होती. तिचं काम ती चोख करत होती. तिथे काम न येणारा एकच होता आणि तो कॅमेऱ्यामागे होता.

चौथ्या वेळी इनामदारानं कॅमेऱ्याला चावी दिली. दहा सेकंद कॅमेरा घरघरला. "वा!" तो म्हणाला. "पाण्यावर ऊन काय पडलंय! चांदी!" मागे उभे असलेल्या आमच्या सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या पोटात पाणी डुचमळत होतं आणि मला मुतायला जायचं होतं. खरं सांगायचं तर डोळ्यांत जे काही आलं असेल ते त्याचं होतं.

आता मागचं सांगतो.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या सरांनी चित्रमंडळ काढलं. विद्यार्थ्यांनी गट करून एक छोटी फिल्म करायची. दहा-बारा मिनिटांची, मुकी, मध्ये मध्ये पाट्या. आधी ती स्नेहसंमेलनात दाखवायची आणि मग मुंबईला कॉलेजांच्या स्पर्धेला धाडायची. सर खादीधारी. घरी टकळी. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा नुकताच झाला होता, म्हणून विषयही त्यांनीच दिला. फिल्मचं नाव ठेवलं 'जलदान'. दान. त्या नावातच सगळं होतं, पण तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. मीही त्यांच्यातच बसून मान डोलावली होती.

गटात आम्ही तिघं. इनामदार वकिलांचा मुलगा. त्याच्या काकांनी विलायतेहून चावीचा कॅमेरा आणला होता, सोळा मिलिमीटरचा. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, या न्यायानं तो दिग्दर्शक झाला, कॅमेरामन झाला, लेखकही तोच. दुसरा मोहिते, नेसरीचा, शेतकऱ्याचा मुलगा. दांडगा गडी, मिशा आलेल्या, म्हणून फिल्ममधला पाटील तो. आणि तिसरा मी.

मला गटात का घेतलं? उपकार म्हणून नाही. माझा बाप कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत लाईट खात्यात होता. मोठमोठे दिवे खांद्यावर घेऊन मचाणावर चढवायचं काम. त्याच्या वशिल्यानं मी सातवीपासून प्रत्येक सुट्टीत तिथल्या एडिटिंगच्या खोलीत जायचो. आधी केर काढला. मग जमिनीवर पडलेले तुकडे नंबरानं लावले. मग तिथल्या एडिटर मास्तरांनी कात्री हातात दिली. मॅट्रिक होईस्तोवर मी डोळे मिटून फिल्मचे जोड करत होतो. मास्तर म्हणायचे, "तुझा जोड प्रोजेक्टरात उडी मारत न्हाई." त्यांची शाबासकी एवढीच असायची आणि मला ती पुरायची.

इनामदाराला काय येत होतं? बोटांची चौकट करून त्यातून बघायला येत होतं. कॅमेऱ्यात फिल्म भरायची कशी, लूपची ढील केवढी सोडायची, हे मी शिकवलं. भर उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून फळ्यांना चांदीचा कागद डकवून रिफ्लेक्टर मी केले. अंतर टेपनं मोजून फोकस मी लावून द्यायचो. मग इनामदार येऊन डोळा लावायचा आणि म्हणायचा, "हं, ठीक आहे." आयत्या बिळावर नागोबा. पण नागोबानं निदान फणा तरी काढावा. हा नुसता चौकट करायचा.

हे सगळं मी का सोसलं तेही सांगतो. सर मला एकट्याला बोलवून म्हणाले होते, "संकलन तू करायचंस. मुंबईत सरकारी माहितीपटांच्या खात्यात माझा मित्र आहे. फिल्म पुरी झाली की त्याच्या नावे पत्र देतो. उमेदवारीला घेतील तुला." सरकारी खातं. एडिटिंग टेबल. मुंबई. त्या पत्रासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होतो. बापाच्या खांद्याला दिव्यांच्या कडांनी घट्टे पडले होते, आणि मला खांद्यानं नाही, बोटांनी पोट भरायचं होतं. ते पत्र म्हणजे माझी सगळी आशा होती. हे त्यांना माहीत होतं.

शूटिंगचं गाव मलकापूरच्या बाजूचं. इनामदारांची तिथे जमीन, म्हणून गाव ओळखीचं. आम्ही एसटीतून उतरलो. मी स्वतः धुतलेला पांढरा शर्ट-पायजमा घातला होता, खास इस्त्री केलेला. पाटील सोप्यात उभे होते. मी पुढे होतो, रिफ्लेक्टर घेऊन.

"या पावणं, या! बसा," ते मला म्हणाले आणि स्वतः घोंगडं अंथरलं.

मी टेकणार, तेवढ्यात मागून इनामदार आला. घाईघाईनं म्हणाला, "पाटील, हा नव्हे. हा आमचा हरिजन."

आमचा. जसं आमचं टेबल, आमची ट्रंक.

पाटलांनी घोंगडं उचललं नाही. तेवढा मान त्यांनी राखला म्हणायचा. ते फक्त माझ्याकडे बघायचे थांबले. दिवसभरात पुन्हा एकदाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पावणं हा शब्द आमच्याकडे वाटसरूलाही मिळतो, शत्रूलाही मिळतो. मला तो मिळाला, टेकायच्या आत काढून घेतला गेला, आणि काढून घेणारा गावचा नव्हता. माझ्याच वर्गातला होता, माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा.

लिहिलेल्या गोष्टीत असं होतं की हरिजन तरुण स्वतः रहाट ओढून विहिरीचं पाणी काढतो आणि पाटील त्याला मिठी मारतो. सरांनी पाटलांना ते वाचून दाखवलं. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फिलिम काडा की. न्हाय कोन म्हनतंय? पर ह्येनं रहाटाला हात लावायचा न्हाय. तुमी सांजच्या गाडीनं जाशीला. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

सरळ माणूस. काय ते तोंडावर बोलला. मला त्याचा राग आला, पण त्याची किळस आली नाही. किळस पुढे आली. सर मोठ्या विचारात पडल्यासारखे फेऱ्या मारायला लागले. मला वाटलं, म्हणतील, चला, दुसरं गाव बघू. निदान म्हणतील, कायदा झालाय पाटील. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदावरचं वाक्य खोडलं आणि नवीन लिहिलं. मोठ्यानं वाचलंही: "पाटलाची वृद्ध माता हरिजन तरुणाला आपल्या हातानं पाणी देते."

"हे जास्त हृद्य आहे," सर म्हणाले.

"मातृहृदय!" इनामदार म्हणाला.

मग माझ्या कपड्यांवर गाडी आली. इनामदारानं मला खाली-वर न्याहाळलं. "इतका स्वच्छ हरिजन कोण खरा मानेल?" म्हणाला. गड्याचं जुनं कुडतं आणलं. ते घामानं ताठ झालं होतं. मी गोठ्याच्या आडोशाला शर्ट काढला. मोहितेनं तो माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि दिवसभर स्वतःच्या पिशवीत सांभाळला. मला मातीत दोन कोलांट्या मारायला लावल्या. केस विस्कटले. घरात चुलीपाशी जाऊन इनामदार स्वतः राख घेऊन आला. ती माझ्या हातावर त्यानं लांबूनच टाकली आणि म्हणाला, "तूच फास."

म्हातारीला काय सांगितलं? इनामदारानं फक्त एवढं सांगितलं, "आजी, ह्याला पाणी द्या."

तिनं दिलं. जन्मभर जसं देत आली तसं. तांब्या उंच, धार लांब, मधे एक हाताचं अंतर. तिला कुणी दुसरं काही सांगितलंच नाही. सांगायला हवं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिथून पुढचं मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलंय.

दुपारी ती माणसं सोप्यात जेवली. झुणका, भाकरी, खर्डा, वर ताक. माझं पान गोठ्यासमोर. जेवण झाल्यावर मोहिते बाहेर आला आणि माझ्याशेजारी दगडावर बसला.

"वाईट वाटलं काय रं?"

"न्हाय."

"गाव तसलंच हाय बघ."

"आनि तुझी नेसरी?"

तो जमिनीकडे बघत बसला. मग म्हणाला, "तशीच हाय." खोटं बोलला नाही. त्या दिवसातलं माझ्या वाट्याला आलेलं खरं बोलणं दोनच माणसांचं. एक पाटलांचं, एक मोहितेचं.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये टेबल मांडलं. कात्री, ब्लेड, सिमेंटची बाटली. सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचं पातळ, उग्र वासाचं सोल्युशन. सर खुर्चीवर बसलेले, इनामदार माझ्या खांद्यामागे, मोहिते खिडकीत.

फिल्मला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत, दुसरी मसाल्याची, म्हणजे रसायनाच्या थराची. चित्र मसाल्याच्या बाजूला असतं आणि जोड करताना तोच मसाला खरवडायचा असतो. बाजू ओळखायची जगातली सगळ्यात जुनी रीत म्हणजे फिल्मचं टोक ओठांत धरायचं. ज्या ओठाला चिकटेल ती मसाल्याची बाजू. मग जिभेच्या शेंड्यानं तेवढी जागा ओली करायची, ब्लेडनं खरवडायची, सिमेंट लावायचं, दाबायचं. आमचे मास्तर असंच करायचे. त्यांच्या हाताखालून गेलेले पिक्चर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले.

मी पहिलं टोक ओठांत धरलं.

"ए! उष्टं काय करतोस?" इनामदार ओरडला.

मी टोक ओठांत तसंच ठेवून त्याच्याकडे बघितलं. तो खरंच दचकला होता. त्यानं आव आणला नव्हता. ते आतून आलं होतं, शिंक येते तसं. मग त्यालाच कळलं की आपण काय बोललो. तो हसला. "म्हणजे, कॅमेरा हायजीन—" असं काहीतरी पुटपुटला. खिशातून रुमाल काढला. पण त्या टोकाला हात लावून पुसायचं धाडस होईना. रुमाल हातातच.

सर मध्ये पडले. "त्याच्या मनात तसं काही नव्हतं," मला म्हणाले. मग कपाटातून काचेची बशी काढली, तीत पाणी ओतलं, एक ब्रश आणून ठेवला. "हे वापर. स्वच्छतेच्या दृष्टीनंही बरं."

म्हणजे चूक इनामदाराची होती आणि दुरुस्ती माझी झाली.

मी ब्रश बाजूला सारला. जिभेनंच केलं. त्या फिल्ममधल्या प्रत्येक जोडात माझी थुंकी आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांना ती दिसली नाही, त्याला मी काय करू.

जोड करत करत मी त्या शॉटपाशी आलो. फिल्म दिव्यासमोर धरली. एक एक चित्र. वर म्हातारीचा मनगटापर्यंतचा हात, तांब्या, मधे लांब धार, खाली माझी ओंजळ आणि वर बघणारं माझं तोंड. तालमीत मी तिथे होतो, पण धारेच्या खालच्या बाजूला होतो. खालच्या बाजूनं फक्त पाणी दिसतं. आता पहिल्यांदा मी बाजूनं बघत होतो. तेवढंच चित्र फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि खाली 'अस्पृश्यता' असं लिहिलं, तर दुसरं काही समजावून सांगायची गरज नव्हती. आणि हे अस्पृश्यता निवारण होतं.

मी म्हणालो, "सर, ह्यात पाणी वरून ओततायत."

सरांनी फिल्म उजेडाला धरली. नीट बघितली. "मग?" म्हणाले. "पाणी वरूनच खाली येतं. गुरुत्वाकर्षण."

इनामदार खो खो हसला. फिजिक्सची लॅब, फिजिक्सचे सर. विनोद बरोबर जागी पडला होता. सरही हसले. त्यांच्या हसण्यात दुष्टावा नव्हता हो. तेच तर वाईट. दुष्ट माणसाला निदान दिसलेलं असतं.

"सर, तुम्हाला कुणी असं पाणी देतं का?" मी विचारलं.

हसणं थांबलं. सरांनी चष्मा पुसला. "तू फार कडवट झालायस," म्हणाले. "एवढ्या चांगल्या कामात खुसपट काढू नये. मुंबईला जायचंय ना तुला?"

मी गप्प बसलो. होय, गप्प बसलो. पत्र आठवलं आणि जीभ आत घेतली. लाज वाटते, पण सांगायचं तर सगळं सांगायचं. त्या दिवशी मी तो शॉट माझ्याच हातानं जोडला, आणि उत्तम जोडला.

बाहेर पडल्यावर मोहिते माझ्या मागे मागे आला. "मला बी कळलं न्हवतं बघ," म्हणाला. "आमची आई तसंच घालती. लहानपनापास्नं बघतोय. तू बोललास तवा डोळं उघडलं." मग थोडं थांबून म्हणाला, "आनि ऐक. पाट्या छापून आल्यात. तुझं नाव न्हाय त्यात."

मी दुसऱ्या दिवशी पाट्या बघितल्या. दिग्दर्शन, इनामदार. छायालेखन, इनामदार. कथा, इनामदार. संकलन, चित्रमंडळ. आणि सगळ्यात शेवटी: 'आभार: एक हरिजन बंधू'.

सरांना विचारलं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "नुसतं नाव घातलं तर लोकांना कसं कळणार तू कोण आहेस? 'हरिजन बंधू' म्हटलं की परिणाम होतो."

म्हणजे माझं नाव काढून टाकल्याशिवाय मी कोण ते कळणार नव्हतं. याला शिक्षण म्हणतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण लहानपणी ऐकली होती. इथे वाळा माझ्या हातानं घडलेला होता आणि सोनुबाई हे नाव इनामदारानं घेतलं होतं.

स्नेहसंमेलनाला मी बापाला बोलावलं. का बोलावलं? इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या पिक्चरला उजेड देत होता. पोराचं काम त्यानं एकदा बघावं असं वाटलं. नाव नसलं तरी जोड माझे होते. तो स्टुडिओतून परस्पर आला, कामाच्या कपड्यांत, आणि हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. बसायला जागा होती. तो बसला नाही.

दिवे गेले. 'जलदान' सुरू झाली. मोहितेचा पाटील रागावला, विचारात पडला, पाघळला. मग म्हातारी आली. तांब्या. धार. ओंजळ. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेत प्रमुख पाहुणे मान हलवत होते. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. सगळं शहाणंसुरतं कोल्हापूर तिथे बसलेलं, वकील, प्राध्यापक, डॉक्टर, आणि एकाच्याही डोळ्यांना तो उंच तांब्या खुपला नाही. एकाच्याही.

बाप माझ्या कानाशी झुकला. माझं काम बघून त्याला खरंच बरं वाटलं होतं. हळू आवाजात म्हणाला, "आपलं पानी बरूबर दावलंय रं. आसंच वततात."

मी त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला वाटलं होतं, ही फिल्म आमच्या अपमानाचीच आहे. कुणीतरी शहाण्या माणसानं आमचा अपमान जसाच्या तसा लोकांना दाखवलाय, आणि लोक शरमेनं रडतायत. टाळ्या का वाजतायत, तेवढंच त्याला कळलं नव्हतं. "टाळ्या कशाला वाजिवत्यात?" त्यानं विचारलं.

न शिकलेल्या माझ्या बापाला जे एका नजरेत दिसलं, ते एम. एस्सी. झालेल्या माणसाला दिव्यासमोर धरून दाखवलं तरी दिसलं नव्हतं. आणि मला दिसलं होतं, तरी मी जोडलं होतं. माझ्यात आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत फरक काय राहिला? माझीच किळस आली. पत्राची आशा तिथेच मेली, बापाच्या खांद्याशेजारी उभ्या उभ्या.

दोन दिवसांनी सरांनी लॅबमध्ये बोलावलं. पाट्यांचे जोड इनामदारानं हौसेनं स्वतः केले होते आणि त्यातला एक प्रोजेक्टरात सुटला होता. फिल्म संध्याकाळी मुंबईला निघायची होती. टेबलावर रीळ होतं आणि शेजारी पाकीट. पाकिटावर सरांच्या मित्राचं नाव.

"जोड नीट कर आणि हे घेऊन जा," सर म्हणाले. "लिहिलंय मी. मनापासून लिहिलंय." ते खोटं नसावं.

मी बसलो. इनामदाराचा जोड उसवला, पुन्हा केला. मग रीळ पुढे फिरवलं, ओंजळीच्या शॉटपर्यंत. कात्री घेतली. एका टोकाला कापलं. चार फूट मोजले. दुसऱ्या टोकाला कापलं.

"काय चाललंय?" इनामदार जवळ आला.

रिळाच्या शेवटाला थोडी फिल्म न वापरता राहिली होती. तिच्यावर काहीच न टिपल्यामुळे ती धुऊन काळीकुळकुळीत आली होती. मी तीही चार फूट मोजून घेतली. टोक ओठांत धरलं. बाजू ओळखली. जिभेनं ओलं केलं, खरवडलं, सिमेंट लावलं, दाबलं. मग दुसरा जोड. ओंजळीच्या जागी काळी पट्टी बसली. घाई केली नाही. मास्तरांनी बघितलं असतं तर त्यांना आवडलं असतं, इतके ते जोड साफ होते.

मग कापलेले चार फूट हातात घेतले आणि कात्रीनं तुकडे करायला लागलो. एक चित्र, एक तुकडा. टेबलावर ढीग पडायला लागला. आमची प्रत एकुलती एक. असल्या फिल्मला निगेटिव्ह नसते, म्हणून दुसरी काढता येणारही नव्हती. इनामदाराला ते सगळ्यात आधी कळलं.

"माझा शॉट!" तो किंचाळला. "ते ऊन! ते ऊन पुन्हा मिळणार नाही!"

त्याला उन्हाचं दुःख झालं. त्या क्षणी मला त्याचा राग येईनासा झाला. एवढ्या लहान माणसावर रागवायचं तरी किती?

सर उठून उभे राहिले. चेहरा पांढरा. "ही कॉलेजची मालमत्ता आहे," म्हणाले. "तू काय केलंस कळतंय का तुला?"

"कळतंय सर. ओंजळ माझी होती."

"मूर्खा, सगळं मातीत घालवलंस. शेवटच नाही राहिला पिक्चरला."

"शेवट घेऊ की," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नवा वाटला. "कॅमेरा घेऊन चला. त्याच गावात, त्याच विहिरीवर. रहाट मी ओढणार. माझे कपडे घालून. पाणी काढून आजीला मी देणार, तिच्या हाताला माझा हात लागेल असं. ते घ्यायची तयारी असली तर मला बोलवा. त्याचा जोड मी करून देईन. तोवर इथं काळंच राहील."

"गाव ऐकेल का?" सर म्हणाले. फार दमल्यासारखे म्हणाले.

"गावाला विचारून कायदा केला का सर?"

सरांनी पाकीट उचललं आणि खिशात घातलं. मला दाखवून घातलं. मी बघितलं. त्यात माझी मुंबई होती, बापाच्या खांद्याचा आराम होता, सगळं होतं. हात पुढे केला नाही. तुकडे गोळा करून कचऱ्याच्या टोपलीत टाकले, ब्लेड पुसलं, सिमेंटचं बूच लावलं. कामाची जागा साफ करून उठायचं, ही माझ्या मास्तरांची शिस्त. मग बाहेर पडलो.

त्या दोघांपैकी कुणालाच धड जोड येत नव्हता. आणि जोडायचं तरी काय? फिल्म तशीच मुंबईला गेली, दहा सेकंदांच्या काळोखासकट. तिकडे तिचं काय झालं, मी विचारलं नाही. त्यांनीही मला बोलावलं नाही. पुढच्या महिन्यात वसतिगृहातली माझी जागा गेली. कारण दिलं की शिस्तभंग. बापाला सगळं सांगितलं. पत्राचंही सांगितलं. त्यानं खांदा चोळला. बरं केलंस म्हणाला नाही, वाईट केलंस म्हणाला नाही. उद्या कामावर येतोस का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

मी जाणार, मुंबईलाही जाणार, पण कुणाच्या पाकिटातून नाही. कात्री चालवता येते मला, आणि ती ज्याला चालवता येते त्याच्या हाताखालून एक दिवस सगळ्यांचे पिक्चर जातात. माझ्या माणसांना कुणी काही देताना दाखवलं, पाणी, भाकरी, न्याय, काहीही, की मी आधी देणाऱ्याचा हात कुठे आहे ते बघणार. वर दिसला तर कापणार. दिग्दर्शक कोण आहे, ते विचारणार नाही.